टवका उडालेली गिटार

आमच्या घरी गिटार आली तेव्हा आई तिला 'फळी' म्हणायची. "ती फळी कॉटवरून उचल, चादर बदलायची आहे." "फळीची वायर बाबांच्या पायात यायला नको." तिचं अगदीच चुकत नव्हतं. विजेवरची हवायन गिटार पोकळ नसते. लाकडाचा सबंध, जड तुकडा, त्यावर तारा आणि दोन बटणं. ती मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. आवाज मोठा होतो तो वायरने जोडलेल्या डब्यातून. तो डबा उचलायला दोन माणसं लागत, म्हणून तो आंबोलीला माझ्या मैत्रिणीच्या घरीच राहिला होता. आमच्या अंधेरीच्या दोन खोल्यांत नुसती गिटार आली. डब्याशिवाय तिचा आवाज वाजवणाऱ्याच्या पलीकडे फारसा जात नाही.

मला नेमकं तेच हवं होतं. कुणी ऐकतंय असं कळलं की माझे हात थांबतात. शाळेच्या गॅदरिंगला एकदा पियानोसमोर बसवलं होतं, तेव्हा मी सुरुवातच केली नाही. आंबोलीच्या घरी तर ओट्यावर सदा कुणीतरी बसलेलं असायचं. ती आणि मी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिच्या भावाने तिला चार गोष्टी शिकवल्या होत्या, त्या ती मला शिकवत होती. शेवटी ती वैतागली.

"घेऊन जा गं घरी. इथं तू वाजवणार नाहीस, आणि मी तुला शिकवता शिकवता म्हातारी होईन."

"आणि तुझा भाऊ?"

"तो बोटीवर. नाताळला येईल. तोवर त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

भाऊ बोटीवरच्या बँडमध्ये होता. तिथली वाद्यं बोटीचीच. स्वतःची गिटार खाऱ्या हवेत खराब होईल म्हणून ती बहिणीच्या ताब्यात देऊन गेला होता, आणि जाताना बजावून गेला होता की कुणाला हात लावू द्यायचा नाही. हे मला माहीत होतं. तरी मी ती घरी आणली.

आई रागावली नाही. आमच्या घरात रागावणं असं नसतं; ज्याचा राग आला त्याचं नाव घेणं सोडून देतात. मुलीला शिकायचंच तर पेटी शिकावी, सतार शिकावी, असं तिला वाटत असणार. एकदाच ती बाबांना म्हणाली, "उद्या कुणी बघायला आले आणि विचारलं, मुलीला काय येतं, तर काय सांगायचं? फळी वाजवते?" बाबा पेपरामागे हसले. मीही हसले, पण मनात खूणगाठ बांधून ठेवली. घरात मी फार बोलत नाही. शाळेची सगळी वर्षं इंग्रजीत गेली. मनातलं सांगायची वेळ आली की तोंडात आधी इंग्रजी वाक्य येतं आणि ते आईला सांगण्यात अर्थ नसतो. मग मी गप्प बसते. ती सवय सोयीची आहे.

दसऱ्याच्या सकाळी आई पूजेची मांडणी करत होती. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती मी काढली. पाटावर माझी कॉलेजची पुस्तकं, बाबांचं पेन, आईची कात्री. शिवणाच्या मशीनला झेंडूची माळ घालून झाली होती. आईने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तुझं ते वाद्य पण आण. पूजेत ठेवू."

वाद्य. मी धावतच आत गेले. गिटार पाटापेक्षा लांब होती, तिची मान पलीकडे जमिनीवर टेकवावी लागली. आईने ओल्या बोटाने तिला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वर झेंडूची दोन फुलं आणि आपट्याची पानं ठेवली. तारांना बोट लागून अगदी बारीक आवाज झाला तसा तिने हात चटकन मागे घेतला. मग हसली. नव्या सुनेकडे पाहून हसावं तसं. आणि निरांजन उचलून पाटाच्या कडेला, गिटारच्या अगदी अंगाशी ठेवलं.

ज्योत जवळ आहे, हे मला दिसलं होतं. 'आई, दिवा जरा लांब ठेव', एवढंच म्हणायचं होतं. पण आज पहिल्यांदा तिने त्या वस्तूला हात लावला होता, आणि माझं पहिलं वाक्य सूचनेचं असणार होतं. ते माझ्याच्याने निघेना. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नसते. दिवसभर आई येता-जाता निरांजनात तूप घालत राहिली. दुपारी मला लाखेसारखा जळकट वास आला. मी दारातून पाहिलं. फुलं होती, ज्योत होती, आई पाटासमोर हात जोडून बसली होती. मी परत गेले.

दुसऱ्या दिवशी आईने फुलं काढली, "घेऊन जा बाई तुझी" म्हणाली आणि निर्माल्य गोळा करू लागली. मी गिटार आतल्या खोलीत नेऊन खिडकीशी धरली. ज्या बाजूला दिवा होता तिथल्या काठाला पॉलिश पापडासारखं फुगून फुटलं होतं. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा टवका उडाला होता. आत फिकट, कोरडं लाकूड. बाकी सगळी गिटार काळसर मधाच्या रंगाची आणि मध्येच तो डाग, खरचटलेल्या गुडघ्यासारखा.

मैत्रिणीला काय सांगणार? आईने गिटारची पूजा केली आणि ती भाजली? तिच्या घरी ही गोष्ट कशी सांगितली जाईल, हे मला लगेच ऐकू आलं. ओट्यावरचं हसणं ऐकू आलं. त्या हसण्याची मला लाज वाटली, आणि ते आईवर होतं म्हणून तिचीही थोडी वाटली. आणि आईला सांगावं, तर 'वाद्य' म्हणून तिने एकदाच जो हात पुढे केला होता तो ती पुन्हा कधी करणार नाही. त्यापेक्षा नाताळच्या आत कुणालाही कळू न देता हे बुजवायचं, असं मी ठरवलं.

पॉलिशबद्दल मला जे ठाऊक होतं ते पाहून. आत्याच्या लग्नाआधी घरी कपाटाला पॉलिश करायला माणूस आला होता, तेव्हा मी सुट्टीभर दाराआड बसून त्याचे हात पाहिले होते. मला पाहायला आवडतं, विचारायला नाही. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, हे मला आठवत होतं. गिटारही मुंबईतच कुणीतरी बनवलेली होती, तिचं पॉलिश तेच असेल का? बटणांची पट्टी एका बाजूने सैल करून तिच्याखाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, मी स्पिरिटचा एक ओला कापूस टेकवला. कापूस तांबूस झाला. म्हणजे तेच होतं. हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रयोग, जो कुठल्याही प्रयोगवहीत लिहायचा नव्हता.

चपडा घ्यायला स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"कशाला पाहिजे, बेन? टेबल? कपाट?"

"टेबल."

"मोठं?"

टवका डोळ्यांसमोर आणून मी म्हणाले, "नाही. लहान."

घरी स्पिरिटचा वास लपणं शक्यच नव्हतं. "हे काय चाललंय?" आईने विचारलं, तेव्हा तेच टेबल पुन्हा पुढे केलं. "माझ्या टेबलाला पॉलिश करते आहे. दिवाळीसाठी." आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कर." आता टेबलाला खरंच पॉलिश करणं आलं. एका खोट्यापायी मी चार पाय आणि एक खण घासून काढला. बाबा ऑफिसातून आले की टेबलावर हात फिरवून म्हणायचे, "वा! आमच्या साहेबाचंही असं नाही." ते मला ऐकवत नसे.

टेबल बैठकीच्या खोलीत, गिटार आत खिडकीपाशी. आई स्वयंपाकाला लागली की मी दार ढकलून घ्यायचे. आधी टवक्याच्या कडा ब्लेडने हलक्या हाताने साफ केल्या, जळकं सगळं काढलं. मग शाळेतल्या रंगाच्या पेटीतला सर्वांत बारीक ब्रश घेऊन पॉलिशचा एक थेंब खळग्यात सोडला. घाई मला नडली ती इथेच. एकदाच भरून टाकू म्हणून मी मोठा थेंब सोडला. वरून तो छान वाळला, आतून ओला राहिला आणि दोन दिवसांनी त्यावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. तो काढायला गेले तर शेजारचं चांगलं पॉलिशही थोडं निघून आलं. टवका पहिल्यापेक्षा मोठा झाला. त्या दिवशी मी जेवताना आईच्या वाढणाऱ्या हाताकडे बघू शकले नाही. आता त्या टवक्यातला निम्मा माझा होता.

मग कळलं की हे काम करण्याचं कमी आणि न करण्याचं जास्त आहे. सुईच्या टोकाएवढा थेंब. तो पसरू द्यायचा, आणि उठून जायचं. उद्या दुसरा. चपड्याचा एक गुण असा की नवा थर जुन्याला किंचित विरघळवतो आणि त्याच्यात मिसळून जातो. मध्ये रेघ राहत नाही. पण हवेचं ध्यान ठेवावं लागतं. पहाटेच्या दवात थेंब टाकला तर तो धुरकट पांढरा होतो. दुपारनंतर वर्सोव्याकडचा वारा सुटला, त्याच्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की ओल आलीच म्हणून समजावं. मधला, उन्हं वर आलेली पण वारा पडलेला असा थोडासा वेळ खरा. त्या वेळेला माझं कॉलेज असायचं. जमेल त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहायचे. आई अमृतांजनाची बाटली आणून उशाशी ठेवायची आणि काही न विचारता जायची.

एकदा तिने नुसती बाटली नाही आणली. बाबांच्या जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा टेबलावर ठेवला. "पॉलिशला असलं फडकं बरं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, टेबलासाठी.

दिवाळीत मैत्रीण फराळाला आली. चकली तोंडात असतानाच तिने विचारलं, "काढ ना गिटार, बघू किती शिकलीस."

"तार तुटलीय."

"कुठली? मी आणून देते."

"नको गं, मी आणीन."

तिने चकली संपवली. "तू खरंच वाजवतेस ना? की नुसती कुरवाळत बसतेस?" आणि खळखळून हसली. आई पलीकडे ताट भरत होती. तिच्या हातातला लाडू क्षणभर तसाच राहिला, हे मी पाहिलं. मी ते पाहिलं आणि त्याचा काहीच अर्थ लावला नाही. इतकं बघणाऱ्या मुलीने.

खळगा भरता भरता वरपर्यंत आला, थोडा उंचही झाला. मग बारीक पॉलिशपेपर काडीला गुंडाळून, खोबरेलाचा थेंब लावून तो उंचवटा घासला. दोनदा घासायचं, पुसायचं, बोटाने बघायचं. शेवटी धोतराच्या तुकड्यात कापसाचा बोळा बांधून, स्पिरिटच्या दोन थेंबांनी, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत राहिले. त्या सगळ्या आठवड्यांत मी गिटार वाजवली नाही. कांडी कप्प्यात पडून होती. पण त्या काठाच्या जितकी जवळ गेले तितकी कुठल्याच सुराच्या गेले नव्हते. चकाकी आली. खिडकीकडे तिरकी धरून पाहिलं तर डाग दिसेना. फक्त डोळे मिटून बोट फिरवलं की तिथे लाकूड श्वास घेताना थांबल्यासारखं वाटायचं.

भाऊ नाताळच्या आधीच आला. बहिणीने त्याला सांगून टाकलं असणार, कारण एका रविवारी दोघं आमच्या दारात उभी. तो उंच, उन्हाने रापलेला, पांढऱ्या शर्टात. आईला म्हणाला, "मावशी, माझी गिटार घ्यायला आलो." आई बसा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बाबा बाजारात गेले होते. मी गिटार आणून दिली. त्याने ती मांडीवर घेतली आणि न बघता, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा काठावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"इथं काय झालं?"

हे वाक्य मी तयारच ठेवलं होतं. "दाराला लागली. माझ्या हातून."

"दाराला लागून असं होत नाही." मग बहिणीकडे वळून, "तुला बोललो होतो ना, कुणाला देऊ नको म्हणून? एक गोष्ट सांगितली तर ऐकायची नाही तुला!"

मैत्रिणीचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती, आणि मी जमिनीकडे बघत होते. माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते संपलं होतं.

"दाराला नाही," आई म्हणाली. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "दिव्याने झालं. दसऱ्याला पूजेत ठेवली होती, मी निरांजन अगदी जवळ ठेवलं. फूल उचलायला गेले तर त्याच्याबरोबर रंगाचा टवका हातात आला. हिला काही बोलू नका, आणि तिलाही नको."

ट्रे अजून तिच्या हातातच होता. मी उठून तो घ्यायला हवा होता. मैत्रिणीने घेतला.

आई माझ्याकडे वळली. "तू बोलशील म्हणून मी रोज वाट बघत होते. तू त्या वाद्याचं नावही न घेता टेबलाला पॉलिश करतेस म्हणालीस, तेव्हा समजलं की तुला राग आलाय. इतका, की बोलायचंही नाही."

मी तोंड उघडलं आणि आत एकही शब्द सापडला नाही. ना मराठी, ना दुसरा. दिवाळी सबंध, तिने लाडू वळले, माझ्या उशाशी बाटली ठेवली, फडकं आणून दिलं, आणि हे सगळं एका रागावलेल्या मुलीची मनधरणी म्हणून. मी तिला वाचवते आहे असं समजत होते.

भावाने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "मावशी, आमच्या गोराईच्या मामाकडं पण नव्या होडीला फुलं घालतात. पाद्री येतो, पाणी शिंपडतो. पण दिवा नाही हां ठेवत. डांबर पेटलं तर होडी, पाद्री, सगळंच जाईल!"

मैत्रीण फिसकन हसली. आई हसली नाही. "पुन्हा नाही ठेवणार," ती म्हणाली, जणू त्याने मागितलेलं वचन देत होती.

त्याने काठावर पुन्हा बोट फिरवलं. "हे केलं कोणी?"

"मी," मी म्हणाले.

"बरं केलंय. डोळ्याला कळत नाही." थोडं थांबून, कारण तो खरं बोलणारा माणूस होता, "हाताला कळतं."

आईने विचारलं, "एकदा वाजवून दाखवता का? मी ऐकलीच नाही कधी."

"डब्याशिवाय काय ऐकू येणार, मावशी." तरी त्याने माझ्याकडून कांडी घेतली आणि वाजवली. आई पदर सावरून खाली वाकली, गिटारच्या जवळ कान नेऊन बसली. हात मागे बांधलेले, लहान मुलाला 'हात लावू नको' म्हटल्यावर ते बांधतं तसे. सूर इतका बारीक होता की चौकात सायकलची घंटी वाजली तेव्हा तो बुडाला. संपल्यावर आई म्हणाली, "छान आहे." मग हळूच, "एवढुसाच आहे की गं."

तो गिटार घेऊन गेला. मैत्रिणीशी बोलणं तुटलं नाही, पण हल्ली साधी छत्री देतानाही ती "सांभाळ हं" म्हणते, आणि म्हटल्यावर तिलाच अवघडल्यासारखं होतं. पोलादाची कांडी त्या दिवशी चहाच्या ट्रेमध्येच राहून गेली. परत द्यायला गेले तर तो म्हणाला, माझ्याकडे दुसरी आहे, राहू दे.

त्या रात्रीच मी आईला सांगायला हवं होतं की मला राग नव्हता. सांगितलंही, दोन-तीन दिवसांनी, तुटक. "बरं," ती म्हणाली, "झालं ते झालं." तिने मान्य केलं. विश्वास ठेवला की नाही, ते मला कळलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी पाटीवर सरस्वती काढली. पुस्तकं, पेन, कात्री. आईने विचारलं, "तुझं काही ठेवायचं?" मी कप्प्यातून कांडी आणून दिली. तिने ती पाटाच्या मधोमध ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, एक पाकळी वाहिली. मग निरांजन उचललं, पाटाजवळ नेलं, थांबली, आणि मागे सरकत सरकत ते पार भिंतीशी नेऊन ठेवलं. नुसतं पोलाद होतं ते. दिव्याने त्याचं काय होणार?

"आई, दिवा जवळ ठेव ना," मी म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. "तिथून दिसतोय."